गोव्याच्या लाटांसाठी हायब्रिड सर्फबोर्ड कसा निवडावा

गोव्यात सर्फिंग शिकलेला माणूस पहिला स्वतःचा बोर्ड घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातली छातीभर उंचीची, स्वच्छ उभी राहणारी लाट असते. प्रत्यक्षात वर्षातल्या बहुतेक सकाळी मांद्रे-आश्वेच्या किनाऱ्यावर गुडघा ते कंबर एवढीच लाट येते. ती मऊ असते, ताकद कमी असते आणि फुटल्यावर लवकर विरून जाते. मोठ्या दिवसासाठी घेतलेला चिंचोळा, टोकदार बोर्ड या लाटांवर चालतच नाही. मग तो घराच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि सर्फिंग मागे पडतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की एकच बोर्ड घ्यायचा असेल तर तो नेहमीच्या सकाळसाठी घ्या आणि मोठ्या दिवशीही तो हाताबाहेर जाणार नाही एवढं पाहा. हायब्रिड बोर्ड नेमका याच कामाचा आहे. फक्त ‘हायब्रिड’ या नावाखाली दुकानात इतके वेगवेगळे आकार मिळतात, की काय बघायचं हे आधी ठरलेलं नसेल तर माणूस रंग बघून बोर्ड घेऊन येतो.

लाँगबोर्ड साधारण नऊ फुटांचा, रुंद आणि गोल नाकाचा असतो. शॉर्टबोर्ड सहा फुटांच्या आसपास, अरुंद आणि टोकदार असतो. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात फिश, एग, मिड-लेंग्थ, फनबोर्ड असे प्रकार येतात, आणि त्यांचे गुण एकत्र करून केलेल्या बोर्डाला हायब्रिड म्हणतात. १९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन दिएगोत स्टीव्ह लिस याने फिश हा आखूड, रुंद, मागे शेपटीसारखी खाच असलेला आकार केला. मुळात तो गुडघ्यांवर बसून चालवायचा बोर्ड होता. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन सारख्या फिनांची, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे लावायच्या पात्यांची, थ्रस्टर मांडणी आणली आणि पुढच्या वर्षी त्याच मांडणीवर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आजच्या बहुतेक हायब्रिडमध्ये या दोन्ही कल्पना दिसतात: फिशची रुंदी आणि सपाटपणा, त्याला थ्रस्टरची पकड.

हा लेख फोमच्या मोठ्या बोर्डावर उभं राहायला शिकलेल्या आणि न फुटलेली लाट पकडायला लागलेल्या माणसासाठी आहे. तिथवर पोचला नसाल तर अजून काही दिवस आठ फुटी सॉफ्टबोर्ड भाड्याने घेऊनच सराव करा. घाईने घेतलेला लहान बोर्ड शिकण्याचा वेग कमी करतो.

आधी समुद्र बघा, बोर्ड नंतर

गोव्याच्या किनाऱ्यावर लाटा तीन ठिकाणांहून येतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिल्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांमधून हजारो किलोमीटर प्रवास करून नैर्ऋत्येकडून येतात. दोन लाटांमधला वेळ, म्हणजे पिरियड, बारा-चौदा सेकंद किंवा जास्तही असतो. उंची कमी दिसली तरी त्यांच्यात ताकद असते. मार्चपासून त्या वाढत जातात आणि एप्रिल-मे मध्ये चांगल्या दिवसांची संख्या वाढते.

दुसऱ्या लाटा नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान वायव्येकडून येतात. अरबस्तान आणि इराणच्या बाजूला वाहणाऱ्या शमाल वाऱ्यांनी त्या तयार होतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. त्यांचा पिरियड कमी असतो, पण हिवाळ्यात समुद्र अगदी तळ्यासारखा झाला असताना याच लाटा दोन-तीन दिवस खेळायला देतात.

तिसऱ्या लाटा रोजच्या. दुपारी खारे वारे सुटले, की समुद्रावर आखूड, घाईघाईच्या, तीन ते पाच सेकंदांच्या लाटा उठतात आणि पाणी खडबडीत होतं. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात तेव्हा लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. म्हणून इथे सर्फिंग सकाळीच करायचं, शक्यतो नऊच्या आत.

पिरियडचा एवढा बाऊ का, तर खोल पाण्यात चौदा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे तीनशे मीटर असते आणि पाच सेकंदांच्या लाटेची चाळीस मीटरच्या आत. एकाच उंचीच्या या दोन लाटा किनाऱ्याशी आल्यावर एक तुम्हाला ढकलत नेते आणि दुसरी पायाखालून निघून जाते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर लाटेची उंची, पिरियड आणि दिशा यांचा अंदाज मोफत मिळतो. बोर्ड घेण्यापूर्वी महिनाभर तो अंदाज आणि समोरचा समुद्र यांची रोज तुलना करा. कोणत्या आकड्याला तुमच्या किनाऱ्यावर काय येतं हे एकदा अंगवळणी पडलं, की बोर्डाचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

भरती-ओहोटीही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत त्याहून बराच कमी. कोकणातल्या जुन्या लोकांचा हिशोब इथेही कामाला येतो: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेला पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी पूर्ण झालेली असते आणि पाणी चढत्या दिशेने निघालेलं असतं. सपाट किनाऱ्यावर पूर्ण भरतीला लाट जाडी आणि आळशी होते, फुटायलाच तयार नसते. पूर्ण ओहोटीला ती दूरवर वाळूच्या बांधावर फुटते, पण पाणी कमरेएवढंही नसतं. या दोन टोकांच्या मधले दोन-तीन तास बहुतेक ठिकाणी सर्वांत चांगले. हायब्रिडचा खरा फायदा हाच, की त्या दोन-तीन तासांच्या थोडं आधी आणि थोडं नंतरही तो लाट पकडतो.

किनाराही बघा. मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमलचा किनारा उथळ उताराचा आहे आणि लाट लांबून फुटत येते. दक्षिणेकडे आणि सिकेरी-कांदोळीच्या काही भागांत उतार तीव्र असल्याने लाट एकदम काठावर आदळते. तिथे सपाट नाकाचा बोर्ड सहज पाण्यात घुसतो. पावसाळ्यात वाळू आत ओढली जाते आणि पाण्याखाली बांध तयार होतात. सप्टेंबरच्या अखेरीस नि ऑक्टोबरमध्ये हे बांध ताजे असतात, लाटाही उरलेल्या असतात. गोव्यातले काही सुंदर दिवस याच काळात मिळतात.

जून ते सप्टेंबरचा पावसाळी समुद्र या हिशोबात धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ती बंदी आहे, पण त्या दिवसांत खवळलेला समुद्र काय करतो हे किनाऱ्यावरून रांपणीचं जाळं ओढणाऱ्या रांपणकारांकडूनच ऐकावं. गोव्याचे किनारे सांभाळणाऱ्या ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षकही पावसाळ्यात पाण्यात उतरू नका असंच सांगतात. चांगला बोर्ड आहे म्हणून ते दिवस सुरक्षित होत नाहीत.

स्वतःचं वजन आणि सवय, खरी खरी

कागदावर तीन गोष्टी लिहा: वजन, महिन्यातून किती वेळा पाण्यात उतरता, आणि न फुटलेली लाट दहा प्रयत्नांत किती वेळा पकडता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना मनाशी खोटं बोललं तर चुकीचा बोर्ड घरी येतो.

बोर्डावर लिटरमध्ये एक आकडा छापलेला असतो. तो त्याचा घनफळाचा आकडा, सगळे त्याला व्हॉल्यूम म्हणतात. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो तरंगवण्याची क्षमता. पण ७० किलोच्या माणसाला ७० लिटर लागतात असं नाही. हातांनी वल्हवताना शरीर अर्धवट पाण्यात असतं, आणि उभं राहिल्यावर बोर्ड वेगामुळे पाण्यावरून घसरत चालतो.

गोव्याच्या मऊ लाटांसाठी मी हे प्रमाण धरते. फोमवरून नुकताच बाहेर पडलेल्याने वजनाच्या किलोमागे पाऊण ते ०.८५ लिटर घ्यावेत. दहातल्या पाच-सहा लाटा पकडणाऱ्याने ०.६ ते ०.७. चांगला हात बसलेल्याने अर्धा लिटर. याहून खाली इथे उतरायचं कारण मला दिसत नाही. फक्त रविवारीच समुद्र गाठणाऱ्याने आलेल्या आकड्यात दहा टक्के वाढवावेत, कारण वल्हवण्याची ताकद आठवडाभरात उतरते. वय चाळीसच्या पुढे असेल तर हेच.

५५ किलोची, बऱ्यापैकी शिकलेली मुलगी असेल तर ३६ लिटर, म्हणजे ६ फूट ४ इंच लांब, साडेवीस इंच रुंद आणि अडीच इंच जाड बोर्ड. ७० किलोच्या मुलाला ४५ लिटरच्या आसपास: ६ फूट १० इंच, साडेएकवीस इंच, पावणेतीन इंच. ८५ किलोच्या, बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरुवात करणाऱ्या माणसाला ५५ लिटर किंवा थोडे जास्त: ७ फूट ४ इंच, साडेबावीस इंच, तीन इंच.

जुन्या किंवा हाताने घडवलेल्या बोर्डावर लिटरचा आकडा कधी नसतो. तेव्हा मोजपट्टी काढा. लांबी, सर्वांत जास्त रुंदी आणि सर्वांत जास्त जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा, हजाराने भागा, आणि आलेल्या उत्तराचा ५५ ते ६० टक्के भाग घ्या. ६ फूट १० इंचाच्या बोर्डासाठी २०८ गुणिले ५४.६ गुणिले ७, म्हणजे सुमारे ७९.५ लिटर, त्यातले ४४ ते ४८ लिटर खरे. पूर्ण अचूक नाही, पण विकणारा ‘पन्नास लिटर आहे’ म्हणतो तेव्हा त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे कळतं.

लिटर कुठे आहेत ते बघा

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक लोक लिटरचा आकडा जुळला की खरेदी उरकतात. ४५ लिटरचे दोन बोर्ड एकमेकांपासून अगदी वेगळे असू शकतात. एक अरुंद आणि जाड, दुसरा रुंद आणि पातळ. दोन्ही सारखेच तरंगतील, पण लहान लाटेवर दुसराच पळेल.

लाट फुटते तेव्हा तिचा वेग तिथल्या पाण्याच्या खोलीवर ठरतो. अर्धा मीटर उंचीची लाट फुटताना साधारण ताशी नऊ किलोमीटरने येते, दीड मीटरची सोळाने. नऊच्या वेगाला बोर्डाला पाण्यावर उचलून धरायचं तर तळाचं क्षेत्रफळ हवं. ते रुंदीतून आणि सपाटपणातून येतं, जाडी तिथे फारशी मदत करत नाही. गोव्यासाठी निवडताना म्हणून रुंदी आधी, मग लांबी आणि शेवटी जाडी. ७० किलोच्या माणसाने एकवीस इंचांपेक्षा अरुंद बोर्ड घेऊच नये. अति रुंदही नको, कारण काखेखाली बोर्ड रुंद झाला की हात पाण्यात नीट जात नाहीत आणि खांदे दुखतात.

त्यानंतर रॉकर, म्हणजे बाजूने बघितल्यावर दिसणारा बोर्डाचा बाक. बोर्ड फरशीवर तळ खाली करून ठेवा, गुडघ्यांवर बसा आणि डोळा फरशीच्या पातळीला आणून बघा. मधला किती भाग जमिनीजवळून सपाट जातो? नाक कुठून वर उचलायला लागतं? नाक अगदी टोकाशी, हळूच उचललेलं असेल तर तो बोर्ड मऊ लाटेवर लवकर सुटेल. अर्ध्यापासूनच वळत गेलं असेल तर तो उभ्या, ताकदवान लाटेसाठी आहे. आश्वेला तो पाणी ढकलत बसेल. शेजारी दुसरा बोर्ड ठेवून तुलना केली, की फरक चटकन कळतो. शेपटीकडे मात्र थोडा बाक हवाच, नाहीतर बोर्ड सरळ पळतो आणि वळत नाही.

सर्वांत रुंद जागा मध्याच्या किंचित पुढे असेल तर छातीखाली फोम मिळतो आणि वल्हवणं सोपं जातं. कडा, म्हणजे रेल, हातात धरून बघा. मऊ, भरीव आणि गोलसर रेल चुका पोटात घालते. पातळ, धारदार रेल वेगात पकड देते, पण लहान लाटेत मध्येच अडकते. पहिल्या हायब्रिडला भरीव रेल घ्या, फक्त शेपटीच्या शेवटच्या फूटभरात कड जराशी टोकदार असावी. तळाशी खळगा एकेरी आहे की दुहेरी यावर सुरुवातीला डोकं खपवण्यात अर्थ नाही.

शेपटी आणि फिन

स्क्वॉश, म्हणजे कोपरे गोलसर केलेली चौकोनी शेपटी, गोव्यासाठी सर्वांत बिनधोक. मागे रुंदी मिळते, त्यामुळे लाट मंदावली तरी बोर्ड बसत नाही, आणि वळतोही सहज. गोल शेपटी उभ्या लाटेत जास्त विश्वासाची. तुमचा बेत गोव्याबाहेर मुळकी, गोकर्ण, वर्कला असा फिरण्याचा असेल तर तीच घ्या. फिशची खाचेची शेपटी मजेची आहे, कमरेएवढ्या लाटेवर ती भन्नाट पळते. पण नुकत्याच शिकलेल्या पायाला ती निसटती वाटते.

फिनांच्या बाबतीत एकच आग्रह: पाच जागा असलेला बोर्ड मिळत असेल तर तो घ्या. त्यात तीन फिन लावून थ्रस्टर करता येतो किंवा चार लावून क्वाड. सुरुवात थ्रस्टरने करा, कारण पाय कुठे पडला की बोर्ड काय करतो हे त्यावर स्वच्छ कळतं. लाट फारच मवाळ असेल त्या आठवड्यात मधली फिन काढून चार लावा, वेग वाढलेला जाणवेल. सात फुटांच्या आसपासच्या बोर्डावर मधे एक मोठी नि बाजूला दोन लहान अशी मांडणीही असते. ती सरळ धावायला छान. पण मधली फिन आठ-नऊ इंचांची असेल तर ओहोटीला मांद्रेच्या उथळ पाण्यात वाळूत रुतते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. सहा-सात इंचांची घ्या. फिन बसवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन, एफसीएस आणि फ्युचर्स. एकाची फिन दुसऱ्यात बसत नाही. ज्या पद्धतीच्या फिन तुमच्या मित्रमंडळींकडे आहेत ती निवडली तर अदलाबदल करून बघता येते. फिन काढायची चावी लीशच्या, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या पट्ट्यात किंवा पिशवीत कायम असू द्या.

कशाचा बनलेला आहे

इथलं ऊन हा बोर्डाचा मोठा शत्रू. पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि पॉलिएस्टर रेझिनचा बोर्ड जरा जड असतो. खारे वारे सुटलेल्या दुपारी खडबडीत पाण्यावर तो शांत चालतो. पण आपटला की चटकन खोक पडते. ईपीएस, म्हणजे थर्माकोलसारखा दाणेदार फोम, आणि इपॉक्सी रेझिनचा बोर्ड हलका, जास्त तरंगणारा आणि चिवट. मऊ लाटांना हा जास्त मानवतो. त्याची नाजूक बाजू उष्णता आहे. बंद गाडीत किंवा दुपारच्या उन्हात टपावर बांधून ठेवला, तर आतली हवा फुगून वरचा थर फोमपासून सुटतो आणि डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, फोड येतात. काही ईपीएस बोर्डांना हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. तसा असेल तर तो कधी सैल करायचा आणि कधी घट्ट हे विकणाऱ्याकडून समजून घ्या आणि पाण्यात जाण्याआधी घट्ट आहे ना हे बघायची सवय लावा.

सॉफ्टटॉपमध्येही, म्हणजे वरून मऊ असलेल्या सॉफ्टबोर्डातही आता हायब्रिड आकार मिळतात. घरात दोघं-तिघं मिळून वापरणार असाल, किंवा गर्दीच्या किनाऱ्यावर उतरत असाल, तर तो उत्तम. दुसऱ्याच्या डोक्याला लागला तरी इजा कमी. मात्र त्याची फिन आणि तळ नीट तपासा. स्वस्तातल्या बोर्डाचा तळ लवकर वाकतो.

वाहतुकीचाही विचार आताच करा. गोव्यात बहुतेकजण स्कूटरच्या बाजूला रॅक लावून बोर्ड नेतात. सात-साडेसात फुटांपर्यंत ते जमतं. त्याहून लांब बोर्डाला पुलावरचा वारा धरतो आणि स्कूटर डगमगते. चोपडे-शिवोलीचा पूल रोज ओलांडणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

घेण्याआधी चालवून बघा

उत्तर गोव्यातल्या सर्फ शाळांकडे आणि भाड्याने देणाऱ्यांकडे साडेसहा ते साडेसात फुटांचे बोर्ड मिळतात. ज्या मापाचा घ्यायचा आहे त्याच्या जवळचा घ्या आणि तीन वेगळ्या सकाळी वापरा: एक अगदी लहान लाटेची, एक बरी, एक जराशी वाऱ्याची.

पाण्यात पोटावर झोपलात की नाकाकडे बघा. ते पाण्याच्या वर दोन-तीन बोटं राहिलं पाहिजे. वल्हवताना ते हातभर वर येत असेल तर तुम्ही फार मागे आहात. तेवढंच पुढे सरकून बघा. योग्य जागी झोपूनही शेपटी बुडत असेल आणि पाणी दोन्ही बाजूंनी फेसाळत वळत असेल, तर बोर्ड तुम्हाला लहान आहे, मग आकडा काहीही सांगो. लाट येताना किती हात मारावे लागतात ते मोजा. ओळखीच्या फोम बोर्डापेक्षा चार-पाच हात जास्त लागले तर ठीक, सवयीने ते कमी होतात. दुप्पट लागले तर एक माप वर जा. उभं राहिल्यावर मागच्या पायावर वजन टाकून वळायचा प्रयत्न करा. अजिबात वळत नसेल तर बोर्ड लांब आहे, किंवा तुमचा पाय फिनांपासून फार पुढे पडतोय. हे दोन्ही वेगळे आहेत, म्हणून किनाऱ्यावरून कुणाला तरी फोनवर चित्रण करायला सांगा.

एवढ्या फोमचा बोर्ड फुटणाऱ्या लाटेखालून दाबून नेता येत नाही. लाट अंगावर येताना कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं आणि लाट गेली की परत सरळ. हे आधी उथळ पाण्यात जमवून घ्या. बोर्ड सोडून देऊ नका. मागे पोहणारं माणूस असतं. दृष्टीचे जीवरक्षक पोहण्यासाठी लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या पट्ट्यात बोर्ड न्यायचाच नाही. शंका असेल तर मनोऱ्यावरच्या माणसाला विचारा, ओढ कुठे आहे हेही तेच सांगतात.

जुना बोर्ड घेताना

हंगाम संपताना परत जाणारे लोक बोर्ड विकून जातात, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये जुना चांगला बोर्ड मिळण्याची शक्यता जास्त. तपासणी उन्हात आणि कोरड्या बोर्डावर करा. मेण लावलेलं असेल तर ते खरवडून काढायला सांगा, कारण मेणाखाली बरंच झाकलं जातं.

बोर्ड मांडीवर आडवा घ्या आणि बोटाच्या पेराने नाकापासून शेपटीपर्यंत इंचाइंचाने टकटक करत जा. चांगल्या भागात टणक, बारीक आवाज येतो. जिथे वरचा थर फोमपासून सुटलाय तिथे आवाज एकदम पोकळ आणि ढबढबीत होतो. त्या जागी अंगठा दाबला तर पृष्ठभाग किंचित आत जातो आणि सोडल्यावर परत येतो. पुढचा पाय जिथे पडतो त्या भागात हे सर्वांत जास्त आढळतं. टाचांचे उथळ खड्डे असतील तर घाबरू नका, ते वापराचे असतात. डेकवर आडवी सुरकुती असेल आणि तळाला तशीच रेघ असेल, तर बोर्ड एकदा वाकलेला आहे, तो सोडा.

मग फिनांच्या जागा. फिन लावून हळूच दोन्ही बाजूंना हलवा. फिन बसते त्या पेटीच्या कडेने केसासारखी भेग दिसते का, पेटी हलते का? लीश अडकवायच्या जागेभोवतीही असंच बघा. बुजवलेली खोक पिवळट किंवा तपकिरी दिसत असेल तर आत पाणी गेलं होतं. बोर्ड शेपटी खाली करून उन्हात उभा करा आणि दहा मिनिटांनी खालच्या खोकेशी बोट लावा. खारट थेंब बोटाला लागला तर आत अजून पाणी आहे. ईपीएसमध्ये हे जास्त वाईट, कारण पाणी दाण्यांमधल्या फटींतून दूरवर पसरतं आणि बोर्ड मापाच्या मानाने जड लागतो. शक्य असेल तर तेवढ्याच मापाचा दुसरा बोर्ड उचलून तुलना करा.

सोबत काय घ्यायचं, आणि कसं सांभाळायचं

लीश बोर्डाच्या लांबीएवढी घ्या, म्हणजे ६ फूट १० इंचाला सात फुटी. मेण ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलंच घ्या. आपलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या खाली क्वचित जातं, थंड पाण्याचं मेण त्यात लोण्यासारखं वितळतं. पाण्यात जायला रॅशगार्ड पुरतो, तो उन्हापासून आणि पोटाला होणाऱ्या घर्षणापासून वाचवतो. बोर्डासाठी पांढऱ्या किंवा चंदेरी कापडाची पिशवी घ्या, काळी नको. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत आणि हवेशीर जागी ठेवा. पावसाळ्यात चार महिने पडून राहणार असेल तर फिन काढून, आडवा, पिशवीची चेन उघडी ठेवून. बंद ओल्या पिशवीत बुरशी येते आणि फिनांचे स्क्रू गंजतात.

खोक पडली की त्याच दिवशी पाण्यातून बाहेर या. तात्पुरती चिकटपट्टी लावून तासभर खेळता येतं, पण नंतर ती काढून बोर्ड पूर्ण वाळू द्या आणि मगच भरा. ईपीएस बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन कधीही लावू नका, त्यातलं स्टायरीन फोम विरघळवून टाकतं. इपॉक्सी मात्र दोन्ही प्रकारांवर चालतं. कुठला बोर्ड आहे हे ठाऊक नसेल तर दुरुस्तीला इपॉक्सीच वापरा.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा, बोर्ड वाळूवरून ओढत न नेता उचलून न्या, आणि पहाटे लवकर जाताना प्रखर टॉर्च वाळूवर फिरवू नका.

बोर्ड बदलायची वेळ कधी येते, हा प्रश्न पहिल्याच हंगामात पडतो. दहातल्या आठ लाटा पकडून तुम्ही दोन्ही दिशांना वळायला लागलात, आणि चांगल्या दिवशी बोर्ड मागे ओढतोय असं सलग काही आठवडे वाटलं, तर चार-पाच लिटरने कमी असा दुसरा बघा. पहिला विकू नका. डिसेंबरच्या गुडघाभर लाटांना तोच लागेल.